मुंगसाचं माहेर

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मी चिडलेलोच होतो. म्हाताऱ्याने एका शब्दासाठी पुण्याहून एवढ्या लांब जावं, यावर घरी सगळ्यांचं हसून झालं होतं. हसोत बापडे! इंग्रजांचा ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून गेला, बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडून, आणि आपण तो कानडी-तेलुगूकडून घेतला असावा, असं वाचल्यापासून मला चैन नव्हतं. कर्नाटकच्या सीमेवर जाऊन तो कानांनी ऐकायचा होता.

हुपरीची एसटी धरली. ओळखीतून एका जैन घराचा पत्ता मिळाला होता. तिथल्या अक्कांचं (थोरल्या बाईंचं) माहेर सीमेपलीकडचं.

“मुंगुसी!” मी मुंगसाचं कानडी नाव विचारताच अक्का हसल्या. “आमी ल्हानपणी तसंच म्हणत हुतो. एवढ्यासाठी आलासा व्हय पावणं? आधी जेवा.”

भाकरीबरोबर खर्डा (मिरचीचा ठेचा) आला. डोळ्यांत पाणी आलं, ते खर्ड्यामुळे, असं मी सांगितलं.

हे घर चांदीचे पैंजण करतं, पण आजवर दुसऱ्यांसाठी, मजुरीवर. सून वैशालीने पहिल्यांदाच स्वतःच्या नक्षीचा जोड घडवला होता. तो दुपारी गुजरीतल्या (कोल्हापूरच्या सराफी पेठेतल्या) एका व्यापाऱ्याला दाखवायचा होता. पसंत पडला तर घराची पहिली स्वतःची ऑर्डर.

“चला काका, सोडतो तुमास्नी,” वैशाली म्हणाली. इकडे बायकाही ‘येतो, जातो’च म्हणतात. मी तिच्या स्कूटरवर मागे बसलो.

उसाच्या फडाजवळ मुंगूस आडवं गेलं. वैशालीने करकचून ब्रेक दाबला. मुंगूस दिसणं शुभ, पण त्याने तोंड दाखवायला हवं. आम्हाला दिसली ती नुसती शेपटी. लहान मुलं घालतात तशी तिने त्याला रामाची शपथ घातली. ऊस हलेना.

“तोंड बघितल्याबिगर न्हाय जायाचं.”

ऊन मी म्हणत होतं. उशीर झाला तर व्यापारी उठून जाईल, हे तिला कळत होतं, तरी पाय निघेना. मला आधी राग आला, मग तिची कणव आली.

“ते बघ! वळलं! तोंड दिसलं!” मी ओरडलो.

“कुठं?”

“गेलं आत. मी पाहिलं ना!”

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्कूटर अशी पळवली की माझी टोपी उडाली ती कायमचीच.

व्यापाऱ्याने पैंजण बराच वेळ उलटसुलट पाहिले. “नक्षी नवी हाय,” तो म्हणाला. “थोडे जोड आणून द्या, ठेवून बघू.”

बाहेर येऊन वैशाली भर रस्त्यात रडली. मलाही भरून आलं. मग पदराने डोळे पुसत ती म्हणाली, “काका, तुमास्नी काय दिसलं न्हवतं. मला ठावं हुतं.”

“मग निघालीस कशी?”

“कुणीतरी म्हणायला पायजे हुतं की!”

संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघालो. मी शब्दाचं मूळ शोधायला आलो होतो, ते मिळालंही. पण त्या फडाच्या कडेला वैशालीला कुणाच्या तरी तोंडून दोन शब्द हवे होते, आणि ते कुठून आले हे तिने विचारलं नाही.