डावा कार्बोरेटर

माझं नाक गेलं त्याला दोन वर्षं झाली होती आणि हे फक्त मला माहीत होतं. कोरोनात बऱ्याच जणांचा वास गेला, त्यांचा परत आला. माझा आला नाही. बायकोला मी महिनाभराने सांगून टाकलं की आता येतो, फोडणीचासुद्धा येतो. तिने विश्वास ठेवला. खोटं बोलायचं कारण सरळ होतं. अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत लोक मला कार्बोरेटरवाला म्हणून ओळखतात ते हातामुळे कमी आणि नाकामुळे जास्त. गाडी चालू करून इंजिनवर वाकायचं आणि पेट्रोल नीट जळतंय का, कुठे पाझरतंय, ते वासावरून सांगायचं. नाक गेलेला कार्बोरेटरवाला कोणाला हवाय? शिवाय मी गर्विष्ठ माणूस आहे. बायको हट्टी म्हणते, पण ती सांभाळून बोलते.

ती व्हॅन उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेठची होती. त्याच्या जीन्सच्या कारखान्यामागे ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. परदेशी जुनी गाडी, इंजिन मागे, आत बिछाना होईल अशी सीट, गॅसची छोटी शेगडी. इंजिनला कार्बोरेटर दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

"साईं, बस एक बार चला के दो," शेठ म्हणाला. "पोती बोलती है, दादा, घरवाली गाडी में बारवी डॅम जाना है."

आठ दिवस लागले. उघडल्यावर दोन्हींच्या आत जुन्या पेट्रोलचा वाळलेल्या काकवीसारखा थर होता. थिनरमध्ये बुडवून ठेवले, पेट्रोल फवारणाऱ्या जेटच्या बारीक भोकांतून तांब्याची तार फिरवली, हवा मारली. या गाडीचे सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहीत. म्हणून बाजारातून सांध्यात बसवायचा गॅस्केटचा कागद आणला, कार्बोरेटरच्या कडेवर धरला आणि हातोडीने हलके ठोकत कापला. आत पेट्रोल किती भरायचं ते ठरवणारी नीडल दुसऱ्या एका गाडीची होती, ती घासून बसवली. डावीकडची जरा अडकत होती. ती पुन्हा घासली आणि आता बरी आहे असं स्वतःला समजावलं.

गाडी चालू केली तेव्हा शेठ बाजूला उभा होता. म्हणून मी सवयीप्रमाणे वाकलो, नाक जवळ नेलं, मान हलवली आणि म्हणालो, सगळं ठीक आहे. मला काहीच आलं नव्हतं. दोन्ही कार्बोरेटरखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं लागलं. पण गळती इंजिन तापल्यावर उघडी पडते, ते तेव्हा तापलेलं नव्हतं आणि हे मला कळत होतं.

रविवारी शेठने मला आणि बायकोलाही आग्रहाने बरोबर घेतलं. तो चालवत होता, मी शेजारी. मागे बायको आणि त्याची सात वर्षांची नात, इंजिनला अगदी लागून. थंडीची सकाळ होती. बदलापूर मागे पडत होतं तेव्हा बायको पुढे वाकली.

"अहो, कसला तरी उग्र वास येतोय."

केमिकल कंपन्यांच्या आमच्या भागात उग्र वासाची कोणी चौकशी करत नाही. हवेत काही आलं की लोक 'कंपनीने सोडलं' म्हणतात आणि खिडक्या लावून घेतात.

"कंपनीने सोडलं असेल," मी म्हणालो. "काच लावून घे."

तिने लावली. शेठनेही त्याच्या बाजूची लावली. वास पेट्रोलचा आहे का, एवढं मी तिला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं. नात झोपली, जरा फारच लवकर झोपली. घरं संपून रस्त्याला झाडी लागली, तरी गाडी थांबवा असं मी म्हणालो नाही.

धरणाच्या अलीकडे शेठने गाडी एका झाडाखाली घेतली. नात उतरली आणि तिथेच ओकली.

"खाली पेट है, चाय बनाता हूँ," असं म्हणून शेठ आतल्या शेगडीकडे वळला.

मी मागे जाऊन इंजिनचं झाकण उचललं. डाव्या कार्बोरेटरखालचा पत्रा ओला होता. पेट्रोल थेंबाथेंबाने गळत होतं, तापलेल्या नळीपासून चार बोटांवर. मी धावलो, शेठच्या हातातली काडेपेटी हिसकावली आणि शेतात फेकली.

त्याला आधी काही कळेना. मग तो मागे आला, वाकून पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"क्या नाक है तुम्हारी. बचा लिया सबको."

खरं सांगतो, क्षणभर मी ते कौतुक घेतलं. तेव्हा बायकोच्या मांडीवर पडलेली नात म्हणाली, "मैंने घर से निकलते ही दादा को बोला था बदबू आ रही है. दादा बोले, अंकल साथ आ रहे हैं ना, कुछ होता तो उनको पता चलता."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी शेठला सांगितलं, मला वास येत नाही, दोन वर्षं येत नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. शेठने नातीला उचललं आणि लांब बांधावर जाऊन बसला. तिथूनच, आवाज न चढवता, त्याने विचारलं, "और बाकी गाडियाँ? दो साल में जो बनाईं?"

हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

व्हॅन तिथेच सोडून आम्ही रिक्षाने परतलो. सोमवारी सकाळी त्या दोन वर्षांतल्या गाड्या तपासायला मी स्कूटर काढली तेव्हा बायको मागे येऊन बसली.

"वास मी घेते," एवढंच म्हणाली.

पहिली गाडी एका भाजीवाल्याची मोटारसायकल, दुसरी गल्लीतल्या मास्तरांची जुनी स्कूटर. दोन्हींना काही नव्हतं. तिसरी शाळेच्या मुलांची व्हॅन होती. तिचा कार्बोरेटर मी दिवाळीच्या आधी उघडला होता. अंबरनाथच्या नाक्यावर ती उभी होती, इंजिन चालू होतं, मुलं आत बसत होती. मी सांगितल्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि आपल्या सीटखालचं झाकण उघडलं. बायकोने वाकून वास घेतला. तिने मागचं दार उघडलं आणि एकेका मुलाला दप्तरासकट खाली घ्यायला सुरुवात केली.