बसल्या बसल्या काढलेले अकरा महिने

वच्छलाबाई अकरा महिने आडव्या झाल्या नव्हत्या. भिंतीला उशी लावायची, तिला टेकायचं आणि मान ताठ धरून डोळे मिटायचे, एवढीच त्यांची झोप.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये त्या वीस वर्षं डाळ निवडायला जात. संक्रांतीनंतर एका पहाटे अंथरुणात उजव्या कुशीवर वळल्या आणि छप्पर गरगरू लागलं. अर्ध्या मिनिटात थांबलं, पण उलटी झाली. पुन्हा आडव्या झाल्या, पुन्हा तेच.

गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून सलाईन लावलं. दुसऱ्यांनी मानेचा फोटो काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, गळ्यात पट्टा दिला. तिसऱ्यांच्या गोळ्या त्या सहा महिने घेत राहिल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, चक्कर मात्र तशीच. एकदा मिलमध्ये वर ठेवलेली चाळणी काढायला मान उचलली आणि त्या पोत्यांवर कोसळल्या. मुकादम म्हणाला, "बरं वाटेपर्यंत घरीच थांबा, बाई." शेजारणींना हे बाहेरचं काही वाटत होतं. वच्छलाबाई त्यावर हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. वाद घालायलाही ताकद लागते.

शेवटी धुळ्याची धाकटी बहीण कमलबाई येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली, कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला.

"चक्कर नेमकी कधी येते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आडं पडं का बठ्ठं घर फिरस. कूस बदली का फिरस. बसेल ऱ्हास तवय काहीच नही."

आडवं होताना आणि कूस बदलतानाच सगळं घर फिरतं, बसल्यावर नाही, हे डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. ऐकायला कमी येतं का, जीभ अडखळते का, हातपाय लुळे पडतात का, हेही त्यांनी विचारलं. तसलं काही नव्हतं.

"मी तुम्हाला आता आडवं करणार आहे. चक्कर येईल, पण मी धरून ठेवीन. डोळे उघडे ठेवा."

वच्छलाबाईंनी बहिणीचा हात पकडला. मान उजवीकडे वळवून डॉक्टरीणबाईंनी त्यांना झटकन मागे निजवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. खोली फिरू लागली. त्या कण्हल्या. डॉक्टरीणबाई त्यांच्या थरथरणाऱ्या बुबुळांकडे बघत होत्या. फिरणं थांबल्यावर त्यांनी डोकं सावकाश डावीकडे वळवलं, मग सगळं अंगच त्या कुशीवर, आणि शेवटी उठवून बसवलं. पाच-सात मिनिटांचं काम.

"कानाच्या आत चुन्यासारखे बारीक कण असतात," त्या म्हणाल्या. "ते निसटून नळीत गेले की मान हलताच सरकतात, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. वयामुळे होतं, डोक्याला मार लागल्यानं होतं, कधी कारण सापडतही नाही. कण जागेवर नेलेत. त्या गोळ्या बंद करा."

"इतलंच?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"इतकंच. मात्र पुन्हा होऊ शकतं. झालं तर या."

बहिणीला आनंद झाला. अकरा महिने गेले होते, आणि चिडायचं कुणावर हेही वच्छलाबाईंना सुचेना. कमलबाईच्या घरी त्या भीत भीत आडव्या झाल्या. छप्पर जागेवर राहिलं. दुपारी निजल्या त्या दिवेलागणीलाच उठल्या.

मिलमध्ये त्यांना परत घेतलं, पण अर्धा दिवसच झेपतं. पावसाळ्यात चक्कर एकदा परतली, तेव्हा त्या एकट्याच बसनं धुळ्याला जाऊन आल्या. सून दिपमाला विचारते, "आई, आता बरं ना?"

"बरं शे," त्या म्हणतात, आणि पलंगाच्या काठावर थोडं थांबून मग उभ्या राहतात.