पिकअपचे एक्केचाळीस ठोके

रविवार, ११ नोव्हेंबर २००१. रक्कम सहा हजार चारशे पन्नास रुपये. जागा येरवड्यातलं एक गॅरेज. हजर तिघे: मी, माझा मोठा भाऊ आणि मेस्त्री.

या रकमेत आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, नवे शॉकअप आणि सगळे रबरी बुश बसणार होते. गाडी कागदावर एक टनाची होती, पण जुने पाटे दबल्यामुळे साडेसातशे किलोंच्या वर घेतलं की मागून खाली टेकायची. शिवाय आवाज. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून उजवीकडे कडाक् करून वाजायचं. मेस्त्रीच्या मते एकाच कामात दोन्ही गोष्टी मिटणार होत्या.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. तो गाडीखाली झोपून, हात काळे करून बाहेर आला आणि म्हणाला, "पाट्यांचा आवाज नाहीये हा. हँगर गेलाय."

पाट्यांचं टोक ज्या लोखंडी पकडीत चासीला अडकवलेलं असतं, तिला हँगर म्हणतात. मी मेस्त्रीकडे पाहिलं. मेस्त्रीने टॉर्च मारून बघितलं. "वरून तर काय दिसत न्हाय, साहेब. उतरवून बघायचं तर आणखी दोन दिस गाडी उभी ऱ्हाईल."

दोन दिवस गाडी उभी म्हणजे दोन दिवसांच्या फेऱ्या बुडणार. आमची गाडी नगर रोडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडे लागलेली होती. गोडाऊनमधून खुर्च्या, टेबलं, मॉनिटर उचलायचे आणि नव्या मजल्यावर पोचवायचे. ते दर महिन्याला एक मजला भरत होते. तिथला सुपरवायझर पंचविशीचा होता. तो दादाला म्हणाला होता, "काका, हा साउंड काय आहे? क्लायंट विझिटला असतात. नेक्स्ट वीकपासून अशी गाडी गेटच्या आत नको." म्हणून तर आम्ही गॅरेजला आलो होतो.

गाडी कोणाची, हे इथेच सांगतो. दादा सत्तावीस वर्षं खडकीच्या पुढे एका खाजगी कारखान्यात फिटर होता. कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा त्याने व्हीआरएस घेतली. मिळालेल्या पैशांतले नव्वद हजार त्याने या गाडीत घातले. मी पंधरा हजार घातले. उरलेल्या ऐंशी हजारांचं कर्ज माझ्या नावावर निघालं, कारण पगाराची स्लिप माझ्याकडे होती, त्याच्याकडे नव्हती. बँकेच्या सोयीसाठी गाडीची कागदपत्रंही माझ्या नावावर झाली. गाडी दादाने चालवायची, हप्ता जाऊन उरेल ते निम्मं-निम्मं. हे घरात चहा घेताना ठरलं. मी किराण्याच्या चिठ्ठ्यासुद्धा फाइलला लावणारा माणूस, पण हे कागदावर घेतलं नाही. सख्ख्या भावाकडून लिहून काय घ्यायचं, असं मी तेव्हा म्हणालो आणि दादाला ते फार आवडलं.

तर गॅरेजमध्ये दोन मतं पडली. मेस्त्रीचं मत छापील बिलावर होतं, भागांच्या किमतींसकट. दादाचं मत त्याच्या कानात होतं. मी म्हणालो, "मोजून ठरवू."

माझी मोजायची पद्धत अशी. गाडी मेस्त्री चालवणार, मी शेजारी वही घेऊन बसणार, आणि दादाने मागच्या हौद्यात पोतं टाकून पालथं झोपायचं, कान फळीला लावून. आवाज आला की पान्याने केबिनच्या पत्र्यावर एक ठोका द्यायचा. दादा तेव्हा चोपन्न वर्षांचा होता.

"साहेब, भाऊ पडतील की," मेस्त्री म्हणाला.

"सत्तावीस वर्षं मशीन धरून उभा होता," मी म्हणालो. "अर्धा तास फाळका धरायला काय होतंय?"

दादा वर चढला.

येरवड्याहून विश्रांतवाडी आणि परत. वाटेत सिग्नलला एक स्कूटरवाला हौद्यात डोकावून म्हणाला, "काय काका, भजनाची तालीम का?" मेस्त्री हसला. मीही हसलो. काचेतून मला दादाचं डोकं दिसत होतं. त्याने मान वर केली नाही. वहीत ठोके झाले एक्केचाळीस.

सहा हजार चारशे पन्नासचं काम मंगळवारी पुरं झालं. त्याच रस्त्याने, त्याच वेगाने पुन्हा गेलो. दादा पुन्हा पोत्यावर. या वेळी ठोके नऊ.

मी गाडीतून उतरायच्या आधीच आकडा काढला होता. "अठ्ठ्याहत्तर टक्के कमी," मी त्याला दाखवलं.

"कमी नाही झाला रे," दादा कपडे झटकत म्हणाला. "पाटे कडक झालेत. हलतच नाहीत, म्हणून गप्प आहे. हलायचं ते सगळं आता हँगरवर येतंय. एकदा खोलून बघू या."

"दादा, एक्केचाळीसही तूच मोजलेस आणि नऊही तूच मोजलेस. मी नाही."

"मी मोजले, पण..."

"मग पण कशाला?"

मेस्त्री बिलावर सही करत होता. दादाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोतं घडी करून सीटमागे ठेवलं. त्या कारखान्यात म्हणे यंत्र बिघडलं की साहेब लोक आधी त्याला बोलवायचे, त्याने कान लावून सांगितल्यावरच खोलायचे. हे तो मला अनेकदा सांगे. मी दरवेळी मान डोलवायचो.

पुढचे सतरा दिवस गाडीने नऊशे-नऊशे किलो ओढले. सुपरवायझर खूश. मी तर दुसऱ्या पिकअपचा विचार करत होतो.

अठराव्या दिवशी दुपारी मला ऑफिसात फोन आला. कंपनीच्या आवारातल्या, गेटपासून दुसऱ्या स्पीडब्रेकरवर उजवा हँगर तुटला होता. गाडी मागून एका कुशीवर बसली होती आणि हौद्यातले अकरा मॉनिटर फुटले होते. दादाला लागलं नव्हतं. हे मी फोनवर विचारलं नाही, तिथे गेल्यावर दिसलं.

सुपरवायझर, दोन वॉचमन आणि मागून आलेला आमचा मेस्त्री, एवढे लोक उभे होते. सुपरवायझर मला म्हणाला, "सर, लायेबिलिटी कोणाची? तुमची की ड्रायव्हरची?"

मी दादाकडे वळलो. "आवाज ऐकू येतो ना तुला? मग एवढा मोठा स्पीडब्रेकर दिसला नाही?"

"मी वीसच्या पुढे नव्हतो," दादा म्हणाला.

"भाऊ आहेत ना तुमचे?" एका वॉचमनने विचारलं.

"ड्रायव्हर आहे," मी म्हणालो.

मग मी वाकून तुटलेला हँगर पाहिला. तुटलेल्या कडेची रुंदी बोटांनी मोजली तर साधारण चार इंच. त्यातल्या तीन इंचांवर तपकिरी गंज होता, जुना, मुरलेला. नवं, चकचकीत लोखंड फक्त एक इंच. म्हणजे तीन इंच चीर आमच्या मोजणीच्याही आधीपासून होती. राहिलेला इंच माझ्या जादा पाट्यांनी तोडला होता. हे समजायला फिटर असावं लागत नाही.

मेस्त्रीलाही ते दिसलं. त्याने खिशातलं फडकं काढलं आणि ती कड पुसल्यासारखी केली. गंज पुसला जात नाही, पण वर ऑइलचा काळा थर बसला.

दादा माझ्या शेजारी येऊन वाकला. "बघितलंस?"

"काय?"

तो सरळ उभा राहिला. "काही नाही."

कंपनीने मॉनिटरमागे पाच हजार आठशे धरले. एकूण त्रेसष्ट हजार आठशे. काम गेलं. मी हँगर जोडून घेतला आणि जानेवारीत गाडी विकली. कर्ज फेडून एक लाख पाच हजार उरले, त्यातूनच कंपनीची भरपाई दिली. मग हिशेबाचा कागद केला. माझे पंधरा हजार मी पूर्ण परत धरले. भरपाई चालकाच्या चुकीखाली घातली, म्हणजे सगळी दादाच्या नव्वद हजारांतून वजा. निम्मी-निम्मी करता आली असती. फायदा निम्मा ठरला होता, तोट्याचं कोणी बोललं नव्हतं, आणि न बोललेल्या जागी मला हवं ते लिहिता येत होतं. कागद माझ्या नावावर होते.

दादा आला नाही. वहिनी आल्या. सोफ्याच्या कडेवर बसल्या, पाणीही घेतलं नाही. मी कागद आणि चेक पुढे केले. त्यांनी कागद खालपर्यंत वाचला.

"बेरीज-वजाबाकी बरोबरच असणार तुमची, भावजी," त्या म्हणाल्या. "ह्यांचं पैशाबद्दल काही म्हणणं नाही. हा चेकसुद्धा तुम्ही ठेवा म्हणालेत. फक्त घरी येऊन एकदा म्हणा, की आवाज हँगरचाच होता. मेस्त्रीसमोर नको, कोणासमोरच नको. आमच्या स्वयंपाकघरात म्हणा. ते रात्रीचे उठून बसतात. मला विचारतात, माझा कान गेला का गं?"

माझी बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मला ते वाक्य बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण ते बोललो की चालकाची चूक राहत नव्हती, आणि मग वजाबाकी माझ्या बाजूला आली असती.

"वहिनी, तुटल्यावर काहीही म्हणता येतं," मी म्हणालो. "इथे सही करा."

त्यांनी पेन घेतलं. पावतीवर रेव्हेन्यू तिकीट मी आधीच चिकटवलं होतं. त्यावर त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं.

दिले: सव्वीस हजार दोनशे रुपये, चेकने, वहिनींना. तिकिटाचा एक रुपया वेगळा, तो मी भरला.