वारं म्हंजे गॅस न्हाई, सर

हे आत्ताच्या आत्ता सांगाय पायजे. चार वाजता मेट्रन बाईंच्या टेबलावर एक कागद ठिवायचाय आन आत्ता अडीच वाजल्यात. शुद्धलेखन बघू नका, घाईत लिवतीय.

दीड वर्षामागं. सांगलीतला दवाखाना, मोठ्या डॉक्टरांचा राऊंड. आमी नर्सिंगच्या सहा पोरी खाटेभोवती हुब्या, टोप्यांना पिना लावून. मी माण तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरची. डॉक्टरांनी मला इचारलं, ह्या पेशंटला काय त्रास हाय ते सांग. राऊंडला इंग्लिशच बोलायचं, नियमच हाय तसा.

मला उत्तर येत हुतं. आईशप्पत येत हुतं. पण तोंडात आधी आलं 'वकाऱ्या'. ते गिळलं. मागनं शाळेतलं 'उलट्या' आलं. ते बी गिळलं. मग 'व्हॉमिटिंग' उचलाय गेले. तीन-चार सेकंद गेली असतील.

डॉक्टर म्हणाले, "ही ढकलस्टार्ट आहे. मागून धक्का मारा गं कुणीतरी."

एकीनं खरंच खांद्याला धक्का मारला. सगळ्या हसल्या. सलाईन लावलेला पेशंट बी हसला, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून.

मी बी हसले.

तवापासनं माझं नाव तेच. मेसमधी ताट वाढताना, हजेरीच्या रांगेत, बाथरूमच्या दारावर थापा मारताना. ए ढकलस्टार्ट, आवर की. मी ओ द्यायची.

मी बेडपॅन धुतल्यात. सडलेल्या पायाच्या पट्ट्या सोडल्यात, आत किडं हुतं. कवा वकारी आली न्हाई. ते माझं हसू आठवलं की येती. अजून येती.

मला वाटायचं डोकंच मंद हाय आपलं. दुसऱ्या पोरी, ज्या लहानपणापासनं इंग्लिश शाळेत गेलेल्या, त्यांच्या तोंडातनं शब्द नळावानी पडायचा. माझ्या तोंडात गर्दी. एकाला हुबा करायचा, दुसऱ्याला मागं ढकलायचा, तिसऱ्याला वाट द्यायची. दिवसभर हेच. खोलीवर आलं की डोकं ठणकायचं, कुणाशी बोलू वाटायचं न्हाई.

मग मागच्या महिन्यात मानसशास्त्राच्या ट्यूटर बाईंनी एक तक्ता आणला. त्यावर रंगांची नावं, पण शाई भलतीच. 'लाल' लिवलंय हिरव्या शाईनं. 'निळा' लिवलंय पिवळ्यानं. शब्द वाचायचा न्हाई, शाईचा रंग सांगायचा, पटापटा. ऐकाय सोपं वाटतं. करून बघा. नळावानी बोलणाऱ्या पोरी तिसऱ्या ओळीत अडकल्या, लाल लाल करत बसल्या. मी शेवटपर्यंत गेले. एक चूक न्हाई.

बाईंनी परत करायला लावलं. परत तसंच.

मग त्या म्हणाल्या, "घरी एक बोलतेस, इथं दुसरं. पहिला आलेला शब्द थांबवायची तुझ्या डोक्याला सवय झालीय. तू थांबतेस तो मठ्ठपणा नाही." आन लगेच म्हणाल्या की एका तक्त्यावरनं कुणी हुशार ठरत न्हाई, शेफारू नकोस.

शेफारले न्हाई. राग आला. लय. म्हंजे ज्याला ही लोकं बंद पडलेलं इंजिन म्हणत हुती त्यो ब्रेक हुता. मी दाबत हुते त्यो, माझ्या ताकदीनं. डॉक्टरांना जन्मात एक शब्द गिळावा लागला न्हाई. त्यांच्या घरची बोली तीच पुस्तकाची आन तीच कॉलेजातली. त्यांनी दाबायचं काय? आन मी काय दाबत हुते? आईची भाषा. रोज. लाज वाटून.

आज सकाळी खाट नंबर नऊ. आटपाडीकडची मावशी, पोटदुखीनं भरती झालेली. डॉक्टरांनी इचारलं काय होतंय. ती म्हणाली, "सकाळधरनं ह्या डाव्या अंगावरनं वारं गेलंय बगा."

डॉक्टर म्हणाले, "गेलं ना? मग बरं झालं की मावशी, पोट हलकं झालं."

पोरी फिसकारल्या. डॉक्टरांनी इंग्लिशमधी गॅसचं औषध सांगितलं आन धा नंबरकडं वळले. मावशीला काय कळंना. ती समद्यांच्या तोंडाकडं बघून कसनुसं हसली.

त्येच हसू. माझं.

माझ्या तोंडात पैला शब्द आला लकवा. सवयीनं दाबला. मागनं 'पॅरालिसिस' येतच हुता, आन मधीच मला वाटलं, दाबणारी मी, मग कवा दाबायचं ते ही लोकं का ठरवणार? सोडला.

म्हणलं, "वारं जाणं म्हंजे गॅस न्हाई, सर. लकवा. आमच्याकडं तसंच म्हणत्यात."

"राऊंडला इंग्लिश," डॉक्टर मागं न बघता म्हणाले.

मी मावशीकडं वळले. म्हणलं, मावशे, डोळं झाक आन दोनी हात म्होरं धर. तिनं धरलं. उजवा जिथल्या तिथं. डावा हळूहळू खाली येत चादरीवर टेकला. तिला पत्ताच न्हाई. डोळं झाकूनच इचारती, "सरळ हायती न्हवं गं?"

कुणी हसलं न्हाई.

मग पळापळ. डॉक्टर वाकले, तपासलं, भराभरा इंग्लिश, स्ट्रेचर आलं. मावशीला दुसऱ्या वॉर्डात न्हेलं. हात परत येईल का न्हाई, मला ठाव न्हाई. जाताना डॉक्टर एवढंच म्हणाले की बोलायचं तर पद्धतीनं बोलायचं असतं.

अकरा वाजता मेट्रन बाईंनी बोलावलं. राऊंड मोडला, वरिष्ठांशी गावंढळ भाषेत बोलले, त्याची माफी पायजे. लेखी. इंग्लिशमधी. न्हाईतर माझ्या बापाला पत्र जाणार, पोरीला घेऊन जा म्हणून. दीड वर्ष पाण्यात.

मेट्रन बाई मूळच्या कराडकडच्या. आमच्याशी कायम पुस्तकातलं बोलत्यात, एक काना चुकत न्हाई. आज दार लोटून घेतलं आन बारीक आवाजात म्हणाल्या, "लिवून टाक गं पोरी. म्या बी लिवलंय एकदा."

मला त्यांची दया याय पायजे हुती. किळस आली. त्यांची न्हाई. ज्यांनी असल्या बाईकडनं तसला कागद लिवून घेतला त्यांची. वीस-पंचवीस वर्षं ती बाई स्वतःच्या जिभेवर पहारा देतीय आन आता माझ्या जिभेवर तिलाच बसवल्याली.

कागद भरला म्या. वर मावशी जे बोलली ते, तिच्याच शब्दात. त्याखाली मी काय बोलले ते, माझ्या शब्दात. त्याखाली सगळं इंग्लिशमधी, चुका तपासून, कारण इंग्लिश येतंय मला. माफी कुठल्याच भाषेत न्हाई.

घालवत्यात तर घालवू द्यात. बापाला मी स्वतः सांगीन काय झालं ते. आन ठिवून घेतलं तर पुढच्या राऊंडला पेशंट जे बोललं ते आधी तसंच बोलीन, मग इंग्लिश. हसू द्यात. मी हसणार न्हाई.

पावणेचार झालं. निघते.

तुमच्याम्होरं ठिवला हुता का कुणी असा कागद? सही केली का तुमी?