साबण घरात, कार्ड पुढच्या घरी

“शालन, तू जन्मभर हातानं पारख केलीस. मार्केट यार्डात कलिंगडावर टिचक्या मारून फळवाल्याला घाम फोडायचीस. हापूस देठाशी दाबून ‘हा आतून बसलाय’ म्हणत परत ठेवायचीस. स्वतःच्या अंगाला मात्र साबणापुरताच हात!”

इतकं लिहून श्यामलाबाई थांबल्या. पाकिटावर पत्ता काय घालणार?

शालन आपटीकर बिबवेवाडीत त्यांच्याच सोसायटीत, एक मजला खाली राहायची. सरकारी कचेरीतून निवृत्त. मुलगा हिंजवडीला आयटीत. त्यानं आईला साखर मोजायचं यंत्र आणून दिलं, रक्तदाबाचं दिलं, आणि रोज फोनवरून आकडे विचारायचा. आईला गळ्याखाली आणि पोटाच्या वर काही अवयव असतो, हे मात्र त्या सुशिक्षित घराला ठाऊक नसावं.

एका संक्रांतीला श्यामलाबाईंनी हळदीकुंकवाला अंघोळीचा साबण वाटला आणि सोबत प्लॅस्टिकचं एकेक कार्ड. महिन्यातून एकदा आपले स्तन आपणच कसे तपासायचे, ते चित्रांसकट. न्हाणीघरात टांगायला भोकसुद्धा पाडलेलं. बायकांनी साबण ठेवून घेतला. नको असलेलं वाण पुढच्या घरी सरकवण्यात आपण तरबेज. रथसप्तमीला शेजारच्या आनंदीकडच्या हळदीकुंकवात चहाच्या गाळणीसोबत एक कार्ड श्यामलाबाईंच्याच हातात पडलं. मागे त्यांच्याच अक्षरात ‘शालन’.

त्या तडक खाली शालनकडे उतरल्या.

“माझं कार्ड फिरून मलाच?”

“अहो, हळू! आत हे पेपर वाचतायत.”

“वाचू देत. तुझं ते कधी ऐकतात, म्हणून आजच ऐकतील?”

“बाथरूम एकच. जावई येतो. असलं चित्र टांगू कुठे?”

“जावई अंघोळीला येतो की प्रदर्शनाला?”

“आणि माझी पाळी जाऊन इतकी वर्षं झाली. आता काय तपासायचं?”

“वयाबरोबर धोका वाढतो, बाई! शाळेत पहिली यायचीस ना?”

शालन पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “आणि बघितलं, अन् सापडलंच तर?”

एवढं एकच कारण खरं होतं. बाकीची सगळी नुसती निमित्तं.

श्यामलाबाईंनी तिच्या बाथरूममध्ये स्वतः खिळा ठोकून कार्ड टांगलं. शालननं त्यावर टॉवेल टांगला. तो टॉवेल दिवाळीच्या साफसफाईत धुवायला निघाला, तेव्हा कार्ड दिसलं आणि हात एकदाचा फिरला.

“श्यामलाबाई,” ती जिन्यात म्हणाली, “लिंबाएवढं आहे हो.”

पारखणारा हात. डॉक्टरांनीही तेवढंच सांगितलं, वर “जरा आधी यायचं होतं” हे फुकट. शस्त्रक्रिया झाली, औषधांनी केस गेले. मुलानं रजा काढली आणि नातेवाइकांना ‘आईचं छोटंसं ऑपरेशन’ एवढंच कळवलं.

पुढच्या दिवाळीत, औषधं अजून चालूच असताना, शालन डोक्याला रुमाल बांधून वर आली.

“या संक्रांतीला वाण माझं. कार्डाबरोबर मीच बोलणार. तुमचं कोण ऐकतं? तुम्ही ओरडता.”

“आणि तू काय करणार?”

“पोलक्याचं बटण काढून दाखवणार. मग बघू कोण पुढे सरकवतंय! साबण घाऊक घेऊ, बोहरी आळीतून. तुम्ही रिक्षा ठरवा, घासाघीस मी करते.”

“मंगळवारी?”

“मंगळवारी दुकानं उघडी असतात ना, ते आधी विचारा.”

श्यामलाबाईंनी विचारलं. उघडी होती. सोमवारी शालनला ताप भरला, आणि मार्गशीर्ष संपायच्या आत ती गेली.

यंदाही संक्रांतीला सोसायटीत गाळण्या वाटल्या. बोहरी आळीत साबण आणायला जायचं राहिलंच.