अंगठेकाकांचा एक शब्द

माझे भाऊजी सव्वीस वर्षं एका फुटबॉल क्लबात मालिश करायचे. कुठला स्नायू आखडलाय, कुठे सूज धरतेय, हे मशीनच्या आधी त्यांच्या अंगठ्याला कळायचं. म्हणून खेळाडू त्यांना अंगठेकाका म्हणत. ताई चिडवायची, "एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि शेवटी अंगठेबहाद्दर!"

सामने रविवारी असायचे. सुरुवातीला भाऊजी चर्चच्या पाळकांना सांगून उपासना चुकवत. पुढे सांगणंही सुटलं. ताई चर्चमध्ये एकटीच बसायची, शेजारच्या जागेवर पर्स ठेवून. ती बोलली की भाऊजी म्हणत, "अगं, मी तिथेही प्रार्थना करतोच की." ते खोटं नव्हतं. फक्त त्यांचं मागणं एकच असायचं. क्लबाने तोवर एकदाही चषक जिंकला नव्हता.

त्या वर्षी संघ अंतिम फेरीत पोचला. सामन्याच्या तीन दिवस आधी कप्तान मालिशच्या टेबलावर आडवा झाला. भाऊजींनी त्याच्या उजव्या गुडघ्यावर अंगठा दाबला आणि तो तिथेच थांबला. सांधा आतून सैल झाला होता.

"थांबलात का, काका?" कप्तानाने विचारलं.

"काही नाही. तेल संपलंय."

तेवढ्यात प्रशिक्षक दारात आला. "काका, गुडघा कसा आहे? तुम्ही म्हणाल तसं."

"चालेल," भाऊजी म्हणाले.

रविवारी सामन्यासाठी पाळकांनीच उपासना तासभर आधी उरकली. शेवटी विजयासाठी प्रार्थना झाली. एरवी पुटपुटणारी माणसंही त्या दिवशी खणखणीत आमेन म्हणाली.

शेवटच्या पाच मिनिटांत कप्तानाने विजयाचा गोल मारला आणि त्याच पायावर तो कोसळला. स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. भाऊजी मैदानात धावले ते नाचणाऱ्या खेळाडूंच्या घोळक्याकडे. प्रशिक्षकाला मिठी मारली, उड्या मारल्या, रडले. मग कुणीतरी त्यांचा सदरा ओढून म्हणालं, "काका, तिकडे बघा." कप्तान गवतावर पडून किंचाळत होता. किती वेळ, ते भाऊजींना आजही सांगता येत नाही.

तीन शस्त्रक्रिया झाल्या. कप्तान पुन्हा खेळला नाही. क्लबाच्या भिंतीवरचं त्याचं मोठं चित्र दोन महिन्यांत उतरलं. तिथे नवा पोरगा झळकला.

भाऊजींनी नोकरी सोडली आणि पाळकांकडे गेले. "मी चषकाची मूर्तिपूजा केली. माणसाचा बळी दिला. मंडळीसमोर सांगा सगळं."

पाळक टेबलावरचे कागद नीट करू लागले. "त्या दिवशी प्रार्थना मीच केली होती," ते हळूच म्हणाले. "मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मग भाऊजी कप्तानाच्या घरी गेले. कप्तान काठी घेऊन खुर्चीत बसला होता. भाऊजींनी सारं कबूल केलं.

"मला गुडघा लटपटतोय हे कळत होतं, काका," तो म्हणाला. "माझ्या तोंडून 'नाही खेळत' निघत नव्हतं. वाटलं, तुम्ही तरी थांबवाल."

त्याच्या आईने दार उघडून धरलं. "या आता तुम्ही," ती म्हणाली, आणि 'परत या' असा त्याचा अर्थ नव्हता.

आता भाऊजी दर रविवारी ताईशेजारी बसतात. गाण्याला उभे राहतात, पण तोंड उघडत नाहीत. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात ताईने त्यांना समजावलं, "मागितली की क्षमा मिळते. लहानपणापासून ऐकतोय ना आपण?"

"ऐकलंय," भाऊजी म्हणाले. "पण मागायला गुडघे टेकतो आणि डोळ्यांपुढे तो गोल येतो. आणि मला अजून आनंद होतो गं. अजून होतो."

ताईने गॅस बंद केला आणि ती त्यांच्यासमोर बसून राहिली.