ग्रेडरभाऊंची गिटार

ग्रेडरभाऊ वस्तूकडे नुसते पाहत नसत. ते तिच्यात हात घालत. गव्हाचे पोते आले की बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत. संत्र्यांची पेटी आली की तळाचे फळ आधी बाहेर. पांढुर्ण्याच्या एका जिनिंग कारखान्यात ग्रेडर म्हणून कापसाची प्रत ठरविण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. गाडीतील वरचा कापूस खडखडीत कोरडा आणि आतला पाणी मारून जड केलेला, हा प्रकार त्यांनी इतक्यांदा पाहिला होता की निवृत्त होऊन सौंसरला माझ्या शेजारी राहावयास आले तरी त्यांचा हात काही निवृत्त झाला नाही. माझ्याकडे सत्यनारायणाच्या पूजेस आले असता त्यांनी प्रसादाचा शिराही द्रोणात खालून उचलून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, तूप तळापर्यंत आहे. बरं आहे." त्यांच्या मुखातून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि आजही गल्लीतील लोक मुहूर्त विचारावयास माझ्याकडेच येतात. ग्रेडरभाऊही येत, पण उत्तर ऐकून म्हणत, "पंचांग छापणाऱ्याचं घड्याळ बरोबर होतं, हे तुम्ही पाहून आले काय, गुरुजी?" मला राग येत नसे. हाताला घट्टा पडावा तसा त्यांच्या स्वभावाला संशयाचा घट्टा पडला होता. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, हसून सांगत, "माह्या लग्नात यांनी मंगळसूत्र मांडवातच घासून पाहलं होतं!" त्यावर भाऊ शांतपणे विचारीत, "मग? अजून काळं पडलं काय?"

त्यांची एकुलती एक कन्या नीलिमा लोधीखेड्याच्या एका शाळेत शिकविते. मैत्रिणीच्या साध्या गिटारीवर तिने हात बसविला आणि तो असा बसला की नागपूरच्या एका महिला भजनी मंडळाने तिला बोलावणे धाडले. या भगिनी विजेच्या वाद्यांवर भजने म्हणत. त्यांची अट एवढीच होती की रामनवमीच्या कार्यक्रमाला नीलिमेने स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घेऊन यावे. न आल्यास ते स्थान दुसरीला दिले जाणार होते. शांत स्वभावाच्या त्या मुलीने आयुष्यात हट्टाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

भाऊ प्रथम स्वतः नागपूरला जाऊन मंडळाचा सराव कोपऱ्यात बसून ऐकून आले. माझ्या ओट्यावर येताच अहवाल दिला, "बाया बऱ्या आहेत. पण टाळवाली सारखी दाराकडे पाहून राहिली होती. तिचं काय आहे, समजलं नाही." गिटार मात्र दुकानातून आणण्यास त्यांनी साफ नकार दिला. "रंगाखाली काय दडवलं, कोणाला माहीत? घरीच बनवू. जे आत जाईन ते आपल्या डोळ्यापुढून जाईन." नीलिमेने निमूटपणे फोनवरून एकेक भाग मागविला: मान, खुंट्या, तारा ज्यावर टेकतात ती घोडी, आणि तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारी ती चुंबके, ज्यांना ती पिकअप म्हणे.

अंगाचे लाकूड घरातलेच घेतले. भाऊंच्या वडिलांच्या सागवानी पलंगाची उशाकडची फळी माळ्यावर पडून होती. भाऊ रोज सकाळी तिच्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून बसत, जणू कापसातली ओल पाहत आहेत. जुने लाकूड वाळलेलेच होते. तरी त्यांची खात्री पटेपर्यंत करवत चालली नाही. सुतार कापावयास बसला तेव्हा भाऊ त्याच्यासमोर पाट टाकून बसले. तो वैतागून म्हणाला, "भाऊ, फळी पळवून नाही नेत मी." भाऊ म्हणाले, "नेशील कसा? मी बसून आहो ना."

मान आली तेव्हा त्यांनी एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकली आणि निकाल दिला, "वाकडी आहे. परत पाठव." नीलिमेने समजाविले, "बाबा, तेवढा बाक लागतेच. तारेला हलायला जागा नको काय?" ते काही पटले नाही, पण परत पाठविण्याचे राहिले. घोडी नेमकी कोठे बसवावी, यावर मला बोलावणे आले. मी सांगितले की तार बरोबर मध्यावर दाबली असता तोच स्वर वरच्या सप्तकात उमटतो, हे वीणेच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून मधला पडदा आणि घोडी यांचे अंतर वरच्या अर्ध्या भागाएवढेच हवे. भाऊंनी माझे ऐकून घेतले, टेपने मोजले, टेपवरही विश्वास न बसून दोरा दुहेरी दुमडून पाहिला, आणि मगच खूण केली. सुट्या तुकड्यांतून एक वाद्य आकारास येताना पाहणे मला मूर्ती घडताना पाहण्यासारखे वाटले. मी मनोमन नमस्कार केला.

तारा चढल्या, वायरी डाखल्या गेल्या, गिटार स्पीकरला जोडली, आणि तीतून भुंग्यासारखी घूं घूं सुरू झाली. तारांना हात लावला की ती कमी होई. काढला की पुन्हा चालू. आता भाऊंच्या संशयाला सारे रान मोकळे झाले. पिकअप पाठविणारा लबाड ठरला, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी दोषी ठरली, आणि एके दुपारी ते थेट माझ्या घरात शिरून इन्व्हर्टरच्या मागे हात घालते झाले. "गुरुजी, तुमचं हे डबडं बंद करा पाहू." मी बंद केले. घूं घूं तशीच राहिली. "मग तुमचं नाही," असे म्हणून ते गेले. नीलिमा म्हणाली, "बाबा, घराची अर्थिंग कमजोर झाली असेल."

आमच्या भागात अर्थिंगचा खड्डा पुष्कळदा अंगणात तुळशीवृंदावनाला लागूनच खणतात. घरातील वीज सुखरूप जमिनीत उतरावी म्हणून तेथे धातूची पट्टी पुरलेली असते आणि ती माती ओली राहावी लागते. रोज सकाळी तुळशीला घातलेले पाणी दोन्ही कामे करते. भाऊंनी खड्ड्याची माती चाचपली. ती भुगा झाली होती. त्यांनी कोणालाही काही सांगितले नाही. दोन-चार दिवसांत घूं घूं मात्र थांबली. नीलिमेचे सूर स्वच्छ निघू लागले, आणि माझी सायंसंध्या तिच्या भजनाच्या साथीत होऊ लागली.

त्यानंतर तुळस वाळली. आधी शेंडे काळवंडले, मग पाने झडली. रामनवमी तोंडावर आलेली असताना वहिनी डोळ्याला पदर लावून माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. "गुरुजी, हे भूत घरात आलं, अन् तुळस गेली. आणखी कोणतं चिन्ह पाहिजे? हे घेऊन पोरगी तिकडे गेली, अन् तिला काही झालं तर?" मी त्यांच्या अंगणात गेलो. नीलिमा गिटार छातीशी धरून उभी होती.

"आई, त्या दुसरीला घेतील."

"घेऊ दे. तुला जायाचंच असन तर टाळ घेऊन जाय."

सारे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "वहिनी, तुळस का वाळली ते आधी पाहू. चिन्हाचा विचार मागाहून करू."  भाऊ सावकाश वृंदावनाशी बसले, बाही वर केली, मातीत हात घातला आणि बोट जिभेला लावले. त्यांना काही करताना आम्ही कोणीच पाहिले नव्हते. ते मातीत हात घालून नुसते उठले असते, तर दोष त्या वाद्यावरच राहिला असता.

"खारट आहे," ते म्हणाले. "अर्थिंगसाठी मीठ टाकत असतात. मीनंच टाकलं. भरपूर टाकलं. गिटारचा काही दोष नाही."

"तुळशीपाशी मीठ? मला विचारलं काऊन नाही?"

भाऊ खाली पाहत म्हणाले, "मला वाटलं, तू मुद्दाम पाणी टाकणं सोडलं. माती कोरडी राहावी, घूं घूं थांबू नये, अन् पोरीनं जाऊ नये म्हणून."

 वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "माहे गुडघे वाकत नाहीत आता. उभ्यानंच थोडंसं टाकून येत होती मी. एका घरात राहून तुम्हाले एवढं दिसलं नाही?"

जगातील प्रत्येक पोत्याच्या तळाशी हात घातलेला तो माणूस आपल्या पत्नीच्या गुडघ्यांकडे पाहत राहिला. मी नीलिमेला खुणेने आत पाठविले आणि स्वतःही निघालो. तेथे तिसऱ्याचे काम नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मागच्या मोरीजवळ अर्थिंगसाठी नवा खड्डा खणविला. अंगणातील खारी माती काढून टाकली आणि माझ्याकडून तुळशीचे रोप नेऊन कमरेएवढ्या उंच कट्ट्यावर कुंडीत लावले, म्हणजे वहिनींना वाकावे लागू नये. वहिनींनी पहिले पाणी घातले आणि नीलिमेकडे न पाहताच म्हणाल्या, "ने वं ते भूत. पण सांभाळून वाजवजो."

नीलिमा गेली, आणि मंडळाने तिला कायमचे आपले म्हटले. त्या रामनवमीच्या कार्यक्रमाहून परतल्यावर भाऊंनी सांगितले, "एक तार जराशी उतरली होती." वहिनींनी विचारले, "अन् बाकीच्या?" बराच विचार करून भाऊ म्हणाले, "बाकीच्या बरोबर होत्या." आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतः चहा टाकला.

मागील हिवाळ्यात ते गेले. अखेरच्या आजारातही त्यांनी सलाइनची बाटली फिरवून तिच्यावरील अक्षरे वाचण्याचा प्रयत्न केला आणि परिचारिकेला तिचे गाव विचारले. नीलिमा नागपूरच्या कार्यक्रमाहून आली ती पाठीवर गिटार घेऊनच. दिवस पार पडले, पाहुणे पांगले. संध्याकाळी वहिनींनी मला बोलावून विचारले, "गुरुजी, सुतक फिटलं ना?"

"फिटले, वहिनी."

"मग वाजव वं, नीले."

नीलिमा वाजवू लागली. वहिनी तिच्या शेजारी खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून त्या सागवानी लाकडावर तळहात टेकविला, आणि दचकून माझ्याकडे पाहिले. "थरथरून राहिलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. भजन संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही, आणि मुलीला वाजविणे अवघड होत असूनही तिने तो काढ म्हणून सांगितले नाही.